दोन ओठांचा शब्द

आमच्या घरात एका शब्दाला बंदी होती, आणि बंदी घातली की मला त्या गोष्टीचं वेड लागतं. कैरी खाऊ नको म्हटलं की तोंडाला पाणी सुटायचं, गच्चीवर जाऊ नको म्हटलं की पाय तिकडेच वळायचे. बाबांनी सांगितलं, 'मामा' हा शब्द ह्या घरात काढायचा नाही. झालं. माझं उरलेलं शाळकरी आयुष्य त्या एका शब्दामागे गेलं. कुणाला तिकिटं जमवायचा नाद असतो, कुणाला काड्यापेटीवरची चित्रं. मी एकच शब्द जमवला, मुलखामुलखातला. आजही नवी भाषा बोलणारं कुणी भेटलं की त्याचं गाव विचारायच्या आधी मी विचारते, तुमच्यात मामा म्हणजे काय हो?

पण बंदी का आली ते आधी सांगायला हवं.

आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो. बाबा गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे. आईचा एकुलता एक भाऊ गावाहून आला तो आमच्याच खोलीत उतरला, आणि बाबांनीच त्याला गिरणीत चिकटवला. माग कसा चालवायचा हे त्याला हाताला धरून शिकवलं तेही बाबांनी. सगळे माग सुरू झाले की साचेखात्यात शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं आवाजच काढत नाहीत. नुसते ओठ हलवायचे, समोरच्याने ते वाचायचे. लांबच्या मागावरचा माणूससुद्धा बरोबर वाचतो. ही सवय दोघांनी घरीही आणली होती. आईची पाठ वळली की तिच्या मागे हे दोघे ओठांवर बोलत. आज आमटी खारट झाली आहे, एवढीच ती गुप्त बातमी असायची. आईला नुसता संशय यायचा आणि ती पळी उगारायची. मला थोडं थोडं वाचता यायला लागलं होतं, म्हणून मी लगेच चहाडी करायचे.

माझे कान मामाच्या मांडीवर टोचले. आमच्यात ते मामाचंच काम. बाळाचं जावळ काढतात तेही त्याच्याच मांडीवर. सुई टोचली तशी मी म्हणे त्याच्या अंगठ्याला कडकडून चावले. तो वण तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा, "ही बघा आमची भाची. हिच्या लग्नात हिला बोहल्यावर मीच आणणार. तेव्हा मात्र हिच्या तोंडाला फडका बांधूक होयो." लग्नात मुलीला अंतरपाटापर्यंत घेऊन येण्याचा मान मामाचा, हे मला कळत नव्हतं तेव्हापासून माहीत होतं.

मग संप झाला. आधी वाटलं आठवड्याभरात मिटेल. मग महिने गेले. कोकणातली माणसं गावाला निघून गेली, चाळीतल्या खोल्यांना कुलपं लागली. मामाचं तोवर लग्न झालं होतं, भायखळ्याला त्याने खोली घेतली होती आणि बायको नुकतीच बाळंत झाली होती. बाबा सभांना जायचे, मोर्च्यांना जायचे, आणि घरी येऊन ताठ मानेने पातळ पेज प्यायचे. मामाचं येणं कमी झालं. बाळ लहान आहे, आई म्हणायची.

एके सकाळी नाक्यावर पोरं ओरडली, "मामा आले, मामा आले." आमच्याकडे पोरं पोलिसांना मामा म्हणतात, हे सगळ्या मुंबईला ठाऊक आहे. पण आई बिचारी भावाची वाट बघत होती, ती पदर सावरत कठड्याशी धावली. मीही तिच्यामागे धावले. खाली पोलिसांची गाडी होती. संप मोडून कामावर जाणाऱ्या काहीजणांना ती गिरणीत पोहोचवत होती, आणि गर्दीमुळे आमच्याच दाराशी थांबली होती. तिच्या जाळीआड, खाली मान घालून, आईचा भाऊ बसला होता. बाबा खाली रस्त्यावर उभे होते. त्यांनीही पाहिलं.

वर आल्यावर ते भिंतीकडे बघून म्हणाले, "ह्या घरात तेचा नाव काढूचा नाय. मामा-बिमा कोण नाय आमका." आई म्हणाली, "माझो भाव आसा तो." बाबा म्हणाले, "म्हणानच सांगतंय." त्यानंतर त्यांनी स्वतःही तो शब्द उच्चारला नाही.

मला बाबांचा आणि मामाचा, दोघांचाही राग आला. पण खरी गंमत मला दुसऱ्या दिवशीपासून कळायला लागली. जो शब्द काढायचा नाही तो मला जिथे तिथे भेटायला लागला. चंद्र कोण, तर चांदोमामा. पोलीस कोण, तर मामा. शेजारच्या पोराला कुणी फसवलं, तर "त्याला मामा बनवला." पुराणातले मामा लोक तर बहुतेक नगच निघाले. एकच शब्द असा सगळीकडे उंडारत होता आणि फक्त आमच्या खोलीत त्याला शिरायला मज्जाव होता. मला हे भलतंच आवडलं.

पहिला मोठा शोध अँटॉप हिलला लागला. माझ्या वर्गातली एक तमिळ मुलगी तिथल्या सरकारी वसाहतीत राहायची. तिच्याकडे इडली खायला गेले होते. तिची आई स्वयंपाकघरातून हाक मारते, "मामा." मी दचकून दाराकडे पाहिलं, तर आतून मैत्रिणीचे वडील आले. मी मैत्रिणीला कोपऱ्यात ओढलं. म्हटलं, तुझी आई तुझ्या बाबांना मामा म्हणते? ती शांतपणे म्हणाली, हो, आमच्यात पुष्कळ बायका नवऱ्याला मामा म्हणतात. पूर्वी मुलीचं लग्न तिच्या मामाशीही लावायचे, तेव्हापासूनचं असेल. माझ्या हातातली इडली तशीच राहिली. इकडे माझ्या आईला तो शब्द भावासाठी काढता येत नाही आणि तिकडे एक बाई खुशाल नवऱ्याला त्याच शब्दाने चहाला बोलावते आहे. मी घरी कशी आले मला आठवत नाही, बहुधा पळतच.

आता घरी सांगायचं कसं? शब्द तर काढायचा नाही. मी बाबांसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "बाबा, तमिळमध्ये त्या शब्दाचा अर्थ नवरासुद्धा होतो." बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. "खयच्या शब्दाचा?" मी म्हटलं, "त्याच." आईने तोंडाला पदर लावला. बाबांनी वर्तमानपत्र पुन्हा वर घेतलं, पण बराच वेळ पान उलटलं नाही. ते ऐकतात हे मला त्या दिवशी कळलं. मग मी का थांबते?

पुढे बाबांनी रे रोडला लाकडाच्या वखारीत हमाली धरली. आई आणि मी त्यांना डबा द्यायला जायचो. वखारीच्या दारात एकदा एक उंच, काळाभोर खलाशी उभा होता. बंदरात त्याचं जहाज लागलं होतं. आई डबा घेऊन येताना दिसल्यावर तो अदबीने बाजूला झाला आणि म्हणाला, "मामा." आई जागीच थिजली. मी मात्र त्याच्या पुढ्यात जाऊन उभी. माझं मोडकंतोडकं इंग्रजी आणि त्याचं मोडकंतोडकं हिंदी, पण एवढं कळलं की तो मोंबासाकडचा, त्यांच्या भाषेत मामा म्हणजे आई, आणि कुठल्याही मोठ्या बाईला मानाने तसंच म्हणतात. आई सबंध रस्ताभर पुटपुटत होती, "मी कोणाची मामा?" पण ती खुशीत होती. त्या दिवसांत तिला मानाने हाक मारणारं दुसरं होतं तरी कोण?

संपानंतर शाळेत आम्हाला संस्कृतच्या बाई मिळाल्या. मी त्यांना गाठलंच. त्या म्हणाल्या, "संस्कृतात मामाला मातुल. मामक म्हणजे माझा, आणि मामा त्यातूनच आला असं काहीजण म्हणतात. पण खरं सांगू? हा शब्द पंडितांचा नव्हेच, बाळांचा आहे." मग त्यांनी मला फळ्यासमोर उभं केलं आणि म्हणाल्या, ओठ मिट. आता उघड. पुन्हा मिट, पुन्हा उघड. माझ्या तोंडून आपोआप 'मामा' आलं. "बघ, दात लागले नाहीत, जीभ लागली नाही. नुसते दोन ओठ. म्हणून जगातल्या कुठल्याही बाळाला हा आवाज आधी जमतो. कुणी कुणाकडून उसना घेतलेला नाही. बाळ आपलं म म करतं, आणि जवळ जो असेल तो म्हणतो, मलाच हाक मारली." रोमन लोकांनी तो शब्द आईला आणि तिच्या छातीला दिला, आणि सस्तन प्राण्यांचं इंग्रजी नाव, मॅमल, त्यातूनच आलं, हेही त्यांनीच सांगितलं.

मला त्या रात्री झोप लागेना. बाळाचा पहिला आवाज, आणि प्रत्येक मुलखाने तो आपापल्या आवडत्या माणसाला देऊन टाकलेला. बहुतेकांनी आईला दिला. आपल्या लोकांनी आईसाठी दुसरा शब्द ठेवला आणि हा उचलून तिच्या भावाला दिला. केवढं मोठं मन. सासरी गेलेल्या बाईचं माहेराकडचं जे माणूस दारात येऊन उभं राहतं, त्याला लेकराने पहिल्या आवाजाने बोलवावं, असं कुणाला तरी वाटलं असणार. हे मला इतकं पटलं की सकाळी मी आईला मिठीच मारली. ती म्हणाली, "काय गो, ताप आसा की काय?"

पण ह्या सगळ्यावर कडी केली ती गिरगावातल्या एका प्रदर्शनाने. सोव्हिएत पुस्तकं स्वस्तात मिळत म्हणून मी गेले होते. तिथे एक पाहुणी बाई होती, काळ्या समुद्राजवळच्या जॉर्जियाची, आणि तिला बऱ्यापैकी हिंदी यायचं. मी ठरलेला प्रश्न टाकला. ती हसली. म्हणाली, आमच्यात मामा म्हणजे बाप. आणि आई? आई म्हणजे देदा. मी तिला तीनतीनदा विचारून घेतलं. सगळं जग ज्या आवाजाने आईला हाक मारतं त्याने हे लोक बापाला हाक मारतात. गिरगावापासून लालबागपर्यंत मी बसच्या कंडक्टरलासुद्धा हे सांगितलं. तो म्हणाला, "ताई, सुट्टे द्या."

बाबांना सांगितलं तेव्हा ते दाढी करत होते. मी म्हटलं, "जॉर्जियात तो शब्द म्हणजे बाप. म्हणजे तिथे तुम्हीच तो." वस्तरा गालावर थांबला. आरशात ते थोडे हसले असं मला वाटलं. "त्यांच्यात आसात," ते म्हणाले, आणि पुढची दाढी केली.

मधल्या वर्षांत गिरणी बंदच झाली. जे संपावर होते त्यांची नोकरी गेली आणि जे पोलिसांच्या गाडीतून आत गेले त्यांचीही गेली. बाबा एका इमारतीत वॉचमन झाले. मामा भायखळ्याच्या बाजारात भाजी विकायला बसला. हे मला ठाऊक, कारण लालबागला दाराशी भाजी मिळत असताना आई पिशवी घेऊन भायखळ्याला जायची. ती भाजी बाबा मुकाट्याने खायचे. कुठून आणली हे त्यांनी कधी विचारलं नाही, आणि न कळण्याइतके ते भोळे नव्हते.

मग माझं लग्न ठरलं.

मुलगा चांगला, घर चांगलं, परळचा हॉल मिळाला, सगळं सुरळीत. अडलं ते एकाच ठिकाणी. मला बोहल्यावर आणणार कोण? बाबांनी परस्पर व्यवस्था केली. त्यांचा एक संपातला दोस्त वरच्या मजल्यावर राहायचा, त्याला सांगितलं की तू उभा राहा. मी भडकले. बाबांना म्हटलं, दुसरा कुणी कशाला, मग तुम्हीच आणा मला, एका देशात तरी ते चालेल. बाबा म्हणाले, "आपल्यात बाप कन्यादान करता. आणूक जो लागता तो लागता." शब्द त्यांनी अलगद वगळला. त्या वेळीही मला हसू आलं, पण आई आतल्या बाजूला डोळे पुसत होती.

आई माझी गप्प बसणारी, पण त्या वेळी ती उठली. तांदळाला कुंकू लावलं, सुपारी घेतली आणि मला म्हणाली, चल. आमच्यात लग्नाचं बोलावणं असं अक्षत देऊन करतात. मामाकडे ते नवराबायकोने जोडीने करायचं असतं. आम्ही दोघीच गेलो. बाजारात मामा पालेभाजीवर पाणी शिंपडत होता. आईने त्याच्या हातावर अक्षत ठेवली. त्याने मुठीत घट्ट धरली. केस पिकले होते, अंगठ्यावरचा वण तसाच होता.

"ताई, तुझी अक्षत मी घेतली. लग्नाक येतंय," तो म्हणाला. "पण हॉलात मागे बसान. भावोजींनी हाक मारल्याशिवाय मी उठूचंय नाय. माझा काम त्यांनी दिलेला, माग त्यांनी शिकवलेलो, आणि मीच त्यांच्या समोरसून गाडीत बसान गेलंय. त्यांनी नाय बोलवल्यानी तर माका राग नाय." मग त्याने ठेल्यामागून कागदात गुंडाळलेली पिवळी साडी काढली. नवरीची पिवळी साडी मामाची असते. त्याने ती माझं लग्न ठरलं असं कानावर आलं त्याच दिवशी आणून ठेवली होती.

साडी आईने बाबांच्या समोर ठेवली आणि भावाचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. बाबांनी काठ चिमटीत धरला, उजेडाकडे नेला, अंगठ्याने पोत चाचपला, उलटी बाजू पाहिली. इतक्या वर्षांत कापड दिसलं की त्यांचा हात असाच जायचा. "कापड चांगला आसा," ते म्हणाले. "हाच नेस." पण हाक मारणार की नाही, ते बोलले नाहीत. आईने विचारलं नाही. मी विचारणार होते, तर तिने माझा हात दाबला.

लग्नाच्या सकाळी मी ती साडी नेसून आतल्या खोलीच्या दाराशी उभी होते. नवऱ्याकडे बघायचं सोडून मी मागच्या रांगा धुंडाळत होते. दारातून सगळा हॉल दिसत होता. सनईची कॅसेट कर्ण्यावर मोठ्याने लावलेली, पोरं खुर्च्यांखालून पळत होती, चाळीतली माणसं एकमेकांना ओरडून विचारत होती, जेवण कधी? शेवटच्या रांगेत, टोकाच्या खुर्चीवर, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मामा बसला होता. आल्यापासून तो बाबांकडे बघत होता. बाबा अंतरपाटाशी उभे होते आणि कुठेच बघत नव्हते.

गुरुजींनी पुकारा केला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

बाबांचा दोस्त फेटा सावरत माझ्यापाशी आला आणि त्याने हात पुढे केला. आता बघा, ज्या माणसाच्या खांद्यावर बसून मी लहानपणी मोर्चे पाहिले, त्याला मी जन्मभर काका म्हणत आले. माझ्या तोंडून तेच निघालं. "काका, थांबा जरा." गुरुजींचे कान तिखट. ते तिथूनच म्हणाले, "काका नकोत हो, मामा पाहिजेत. मुहूर्त टळेल. मुलीचे मामा कोण?" हॉलमध्ये हशा पिकला आणि लगेच विरला, कारण चाळीतल्या सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. काका बिचारे तिथेच थबकले. त्यांनी बाबांकडे पाहिलं. आई माझ्यामागे उभी होती, तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता. गुरुजी बाबांना म्हणाले, "अहो, तुम्ही वडील ना? बोलवा त्यांना."

बाबांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, साडीकडे पाहिलं, मग सबंध हॉल ओलांडून शेवटच्या रांगेकडे पाहिलं. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. कर्ण्यावर सनई तशीच वाजत होती, पोरं तशीच ओरडत होती, त्या गलबल्यात आवाज फुटला असता तरी मागे पोहोचला नसता. मला वाटलं, गेलं, हातचं गेलं.

आणि मग बाबांनी आवाजाचा नाद सोडला. गिरणीत बोलायचे तसे नुसते ओठ हलवले. ओठ मिटले, उघडले. पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. दात लागले नाहीत, जीभ लागली नाही. इतक्या भाषांतून मी तो शब्द गोळा करून आणला होता, आणि घरातल्या ह्या भाषेत मी तो कधी पाहिलाच नव्हता.

काका साचेखात्यातले नव्हते, त्यांना काही कळलं नाही, गुरुजींनाही कळलं नाही. ज्याला वाचता येत होतं तो मात्र उठून उभा राहिला होता. खुर्च्यांना धक्के देत, पोरांना बाजूला सारत तो पुढे येत होता, आणि भर हॉलात, सनईच्याही वर, मोठ्याने सांगत होता, "इलंय, भावोजी. इलंय."